मेघालयाची दक्षिण कड

मेघालयाचे नाव निघाले की पावसाचे आकडे पुढे येतात, आणि शालेय भूगोलापासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत बहुतेक ठिकाणी वर्णन त्या आकड्यांपाशीच थांबते. चेरापुंजी आणि मौसिनराम येथे पडणारा पाऊस हा साऱ्या राज्याचा पाऊस नाही. राज्याच्या दक्षिण सीमेलगत असलेल्या, जेमतेम काही किलोमीटर रुंदीच्या एका कडेवर तो पडतो, आणि तेथून रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर उत्तरेला असलेल्या शिलाँगमध्ये त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढेच पाणी पडते. ही कड कशी उभी राहिली, तिच्यावर आदळणारे बाष्प कोठून येते आणि पडलेले पाणी पुढे कोठे जाते, हे समजले की राज्यातील लांबच लांब गुहा, कीटक खाणाऱ्या वनस्पती, झाडांच्या मुळांचे पूल आणि जगातील सर्वाधिक पावसाच्या गावांना हिवाळ्यात भासणारी पाणीटंचाई या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टींचा आपसांतील संबंध दिसू लागतो.

मेघालयाला पूर्ण राज्याचा दर्जा २१ जानेवारी १९७२ रोजी मिळाला. तत्पूर्वी, एप्रिल १९७० पासून, ते आसामअंतर्गत स्वायत्त राज्य होते. ‘मेघालय’ हे नाव शिवप्रसाद चॅटर्जी या भूगोलतज्ज्ञाने १९३० च्या दशकात पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात या पठारासाठी योजले होते, म्हणजे राज्य जन्माला येण्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ ते नाव भूगोलाच्या ग्रंथांत वावरत होते. राज्याचे क्षेत्रफळ २२,४२९ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याएवढे आहे. उत्तरेला आणि पूर्वेला आसाम, दक्षिणेला आणि पश्चिमेला बांगलादेश अशी त्याची चतुःसीमा असून पश्चिमेकडून पूर्वेकडे गारो, खासी आणि जैंतिया टेकड्या असे त्याचे तीन भाग पडतात. त्यांपैकी गारो टेकड्या सर्वांत बुटक्या, उष्ण आणि घनदाट आहेत. त्यांतील नोक्रेक हे सर्वोच्च शिखर १,४१२ मीटर उंच आहे. मधले खासी पठार सर्वांत उंच असून शिलाँग शिखराची उंची १,९६० मीटरांच्या थोडी वर भरते. जैंतिया टेकड्या पूर्वेकडे हळूहळू सपाट होत आसामच्या कछार भागाकडे उतरतात.

ईशान्य भारतातील डोंगर म्हणजे हिमालयाचेच फाटे, असा समज सर्वसाधारण वाचकाच्या मनात असतो. मेघालयाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. हे पठार द्वीपकल्पीय भारताचा, म्हणजे छोटा नागपूर आणि दख्खन ज्या प्राचीन भूखंडाचे भाग आहेत त्याच भूखंडाचा तुकडा आहे. झारखंडमधील राजमहाल टेकड्या आणि गारो टेकड्या यांच्यामधला भाग खचला, त्या खळग्यात गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी आणलेला गाळ साचत गेला, आणि त्या गाळाच्या पलीकडे हा तुकडा एकटा उरला. पठाराचा पाया नाइस, म्हणजे पट्टिताश्म या खडकाचा आहे. प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत मूळ खडकाचे रूपांतर होऊन त्यात फिक्या आणि गडद खनिजांचे पट्टे पडलेले असतात, आणि मेघालयातील या खडकांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. त्यावर क्वार्टझाइटचे थर आहेत, मध्येच ग्रॅनाइटचे उमाळे वर आलेले आहेत, आणि दक्षिण कडेवर सिल्हेट ट्रॅप या नावाने ओळखला जाणारा बेसाल्ट आढळतो. महाराष्ट्राच्या भूमीशी परिचित असलेल्या वाचकाला बेसाल्ट नवा नाही. मात्र सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर सिल्हेट ट्रॅप त्याहूनही सुमारे पाच कोटी वर्षांनी जुना आहे, आणि त्याचा उगम आज हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला असलेल्या कर्गेलेन बेटांखालील तप्त केंद्राशी जोडला जातो.

या सगळ्यानंतर पठाराची दक्षिण बाजू उथळ, उबदार समुद्राखाली गेली. त्या समुद्रात शंख-शिंपले आणि न्युम्युलाइटसारखे नाण्याच्या आकाराचे एकपेशीय जीव मरून तळाशी बसत राहिले आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यापासून चुनखडकाचे जाड थर तयार झाले. त्यांच्या जोडीला वालुकाश्म आणि दगडी कोळशाचे पातळ थरही बसले. पुढे भारतीय भूपट्टाची आशियाशी टक्कर होऊन हिमालय उंचावू लागला, तेव्हा त्या दाबामुळे हा सारा तुकडा दोन्ही बाजूंच्या विभंगांवरून, म्हणजे भूकवचातील खोल भेगांवरून, सरकत वर उचलला गेला. दक्षिणेकडील विभंगाला डावकी विभंग म्हणतात. त्याच्या एका बाजूला खोरे खचत राहिले आणि दुसऱ्या बाजूला पठार चढत राहिले. परिणामी समुद्रतळावर बसलेला चुनखडक आज एक हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि सिल्हेटचे मैदान मात्र समुद्रसपाटीपासून केवळ काही मीटर उंच राहिले आहे. मैदानातून पठारावर जाताना दहा-बारा किलोमीटरांच्या आडव्या अंतरात भूमी साधारण तेराशे मीटर चढते. राज्याच्या हवामानाचा, पाण्याचा आणि बऱ्याच अंशी तेथील जीवसृष्टीचा उलगडा या एका चढातून होतो.

उचलले जाण्याची ही क्रिया थांबलेली नाही, याचा पुरावा १२ जून १८९७ रोजी मिळाला. त्या सायंकाळी झालेल्या भूकंपाची तीव्रता आठच्या वर असल्याचे आज मानले जाते. शिलाँगमधील दगडी इमारती जवळजवळ सर्वच्या सर्व कोसळल्या, विस्तृत प्रदेशात मिळून सुमारे पंधराशे माणसे मृत्युमुखी पडली, आणि जमिनीत अर्धवट रुतलेले मोठे धोंडे आपल्या खळग्यांतून वर फेकले गेले. अशी फेक होण्यासाठी जमिनीला वरच्या दिशेने बसलेला हिसका गुरुत्वाकर्षणावर मात करण्याइतका जोरदार असावा लागतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा जो बारकाईचा अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध केला, तो भूकंपशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक आहे; दूरच्या वेधशाळांतील आलेख तपासताना त्यांना भूकंपलहरींचे वेगवेगळ्या वेगाने येणारे तीन प्रकार ओळखता आले, आणि त्याच वाटेने पुढे जात त्यांनी १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. त्यांचे वडील टॉमस ओल्डहॅम यांनी अर्धशतकापूर्वी याच खासी टेकड्यांच्या भूरचनेचे पहिले व्यवस्थित वर्णन केले होते. भूकंपानंतर शिलाँगमध्ये दगडी बांधकाम मागे पडून लाकडी सांगाडा आणि बोरूच्या काड्यांवर लिंपलेल्या हलक्या भिंती असलेली ‘आसाम पद्धतीची’ घरे रूढ झाली; आज मात्र त्याच उतारांवर सिमेंटचे मजले चढत आहेत आणि ही चिंतेची बाब आहे.

आता पावसाकडे वळता येईल. मौसिनरामचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ११,८७० मिलिमीटर आणि चेरापुंजीचा त्याच्या थोडा खाली धरला जातो. ही दोन्ही गावे सरळ रेषेत एकमेकांपासून पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहेत, त्यामुळे त्यांच्यातील पहिल्या क्रमांकाच्या वादाला भूगोलाच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीत २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि तो जागतिक विक्रम आजही अबाधित आहे. त्यांपैकी एकट्या जुलै १८६१ मध्ये ९,३०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईला सरासरी चार वर्षांत मिळेल जवळपास तेवढे पाणी पडले. जून १९९५ मध्ये सलग दोन दिवसांत पडलेला २,४९३ मिलिमीटर पाऊस हा त्या कालावधीचा जागतिक विक्रम ठरला. १७ जून २०२२ रोजी मौसिनरामला चोवीस तासांत १,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, आणि त्याच दिवसांत कडेवरून खाली उतरलेल्या पाण्याने सिल्हेट जिल्ह्यात महापूर आला.

एवढा पाऊस का पडतो याचे सर्वपरिचित उत्तर सह्याद्रीच्या उदाहरणाने समजते. बाष्पाने भरलेली हवा डोंगराला अडून वर चढते, वर गेल्यावर प्रसरण पावून थंड होते, आणि थंड हवेत मावेनासे झालेले बाष्प पावसाच्या रूपाने पडते. अशा पावसाला प्रतिरोध पाऊस म्हणतात, आणि आंबोली किंवा ताम्हिणीचा पाऊस याच जातीचा आहे. मेघालयात या मूळ कारणाला आणखी काही गोष्टींची जोड मिळते. बंगालच्या उपसागरावरून निघालेले वारे तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर सपाट बांगलादेशावरून येतात, आणि या वाटेत त्यांना अडवणारी एकही टेकडी नसते. शिवाय पावसाळ्यात सिल्हेटच्या मैदानातील ‘हाओर’ नावाची विस्तीर्ण पाणथळ खोलगट क्षेत्रे एकत्र होऊन कडेच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा जणू समुद्रच पसरतो, त्यामुळे जमिनीवरून येऊनही हवा कोरडी पडत नाही. कडेमध्ये नद्यांनी खोल, वरच्या बाजूला अरुंद होत गेलेल्या दऱ्या कोरल्या आहेत. वारा त्यांत शिरला की आवळला जातो आणि उभ्या भिंतीवर वेगाने वर ढकलला जातो. मौसिनराम आणि चेरापुंजी ही दोन्ही गावे अशा दऱ्यांच्या माथ्यावर वसलेली आहेत. तेथला पाऊस बहुतांशी रात्री आणि पहाटे पडतो, कारण दिवसा तापलेल्या जमिनीमुळे हवेत होणारी घुसळण रात्री शांत होते आणि मैदानावरून वाहणारा खालच्या थरातील दक्षिणेचा वारा अधिक वेग घेतो.

महाराष्ट्राच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट येथे आहे. पावसाळ्यात उत्तर भारताच्या मैदानावर, राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत, कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो आणि त्याला मॉन्सूनचा आस म्हणतात. हा आस आपल्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला की मध्य भारतात आणि महाराष्ट्रात चांगला पाऊस होतो. कधीकधी, बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. मग विदर्भ-मराठवाड्यात पाऊस ओढ देतो, हवामानशास्त्रात ज्याला ‘खंड’ म्हणतात ती अवस्था येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत खासी टेकड्यांच्या कडेवर पावसाची सर्वांत मोठी आवर्तने होतात. मराठवाड्यातील शेतकऱ्याचे कोरडे दिवस आणि चेरापुंजीचे अतिवृष्टीचे दिवस ही बरेचदा एकाच घडामोडीची दोन टोके असतात. ‘मॉन्सून चांगला’ किंवा ‘मॉन्सून वाईट’ असे देशभरासाठी एकच विधान करणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसते.

पठाराच्या कडेवर पाणी सोडून हवा उत्तरेकडे जाते तेव्हा तिच्यातील बाष्प पुष्कळ कमी झालेले असते. शिलाँगचा समशीतोष्ण हवामानाचा लौकिक, तेथली खासी पाइनची रानेच राने, आणि त्याहून उत्तरेला री-भोई जिल्ह्यातील कोरडे उतार या साऱ्यांत या पर्जन्यछायेचा वाटा आहे. इंग्रजांनी आपले ठाणे चेरापुंजीहून १८६० च्या दशकात शिलाँगला हलवले आणि १८७४ मध्ये ते आसामची राजधानी केले. चेरापुंजीच्या पावसात कचेऱ्यांचा कारभार चालवणे सोपे नव्हते.

पाऊस पडतो हे जितके खरे, तितकेच तो टिकत नाही हेही खरे, आणि मेघालयाच्या अभ्यासात या दुसऱ्या सत्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. चेरापुंजीत, ज्याला स्थानिक लोक सोहरा म्हणतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत मिळून वर्षाच्या पावसाच्या दोन टक्क्यांहूनही कमी पाऊस पडतो. या काळात झरे आटतात, आणि लोकांना दूरवरून किंवा टँकरने पाणी आणावे लागते. सोहऱ्याच्या माथ्यावर मातीचा थर फार पातळ आहे. शतकानुशतकांच्या माऱ्याने बारीक माती वाहून जाऊन वर दगडगोटे उरले आहेत, त्यांवर केवळ खुरटे गवत उगवते, आणि त्याखालचा वालुकाश्म व चुनखडक पाण्याला भेगांतून थेट खाली जाऊ देतो. या उजाडपणाला केवळ निसर्ग कारणीभूत आहे असे नाही. खासी टेकड्यांत लोखंड गाळण्याचा उद्योग सुमारे दोन हजार वर्षे जुना असल्याचे धातुमळीच्या कालमापनातून दिसून आले आहे, आणि त्या भट्ट्यांना लागणारा कोळसा झाडे तोडूनच मिळत असे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर १८५० मध्ये येथे आले तेव्हाही माथा उघडाच होता. मात्र त्याच माथ्याला लागून असलेल्या दऱ्यांत, चेरापुंजीपासून दहा मैलांच्या परिघात, दोन हजारांहून अधिक सपुष्प वनस्पती असल्याचे त्यांनी नोंदवले. उजाड माथा आणि काठोकाठ भरलेली दरी यांचे हे सान्निध्य आजही तसेच आहे. नोहकालिकाई धबधबा याच माथ्यावरून सुमारे ३४० मीटर एकाच झेपेत कोसळतो. पावसाळ्यात त्याचा लोट प्रचंड असतो आणि हिवाळ्याअखेर त्याची एक बारीक धार उरते.

जमिनीखाली गेलेल्या पाण्याचे कार्य तेवढेच मोठे आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते, आणि असे पाणी चुनखडकाला हळूहळू विरघळवत भेगांचे बोगदे आणि बोगद्यांची दालने बनवते. अशा विरघळून घडलेल्या भूमीला कार्स्ट भूमी म्हणतात. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात, आणि जैंतिया टेकड्यांतील क्रेम लियात प्राह ही तीस किलोमीटरांहून अधिक लांबीची गुहा भारतातील सर्वांत लांब चुनखडकी गुहा आहे. १९९२ पासून मेघालयातील आणि युरोपातील गुहाशोधकांनी मिळून दर हिवाळ्यात या गुहांचे मोजमाप चालवले आहे. हिवाळाच निवडावा लागतो, कारण पावसाळ्यात बऱ्याच गुहा छतापर्यंत भरतात. वालुकाश्मात सहसा लांब गुहा होत नाहीत. परंतु मौसिनरामजवळच्या क्रेम पुरी या गुहेचे २०१८ मध्ये मोजमाप झाले तेव्हा तिची लांबी चोवीस किलोमीटरांच्या वर भरली आणि ती जगातील सर्वांत लांब वालुकाश्म गुहा ठरली.

सोहऱ्याजवळच्या मॉमलुह गुहेला तर पृथ्वीच्या कालगणनेतच स्थान मिळाले आहे. गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना तळावर साचत जाऊन वरच्या दिशेने वाढणारे स्तंभ तयार होतात. दर वर्षी त्यांच्यावर बसणाऱ्या थरांत त्या काळच्या पावसाची खूण राहते, कारण पाण्यातील प्राणवायूच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण पावसाच्या जोरानुसार बदलते; आणि थरांचे वय युरेनियमचे थोरियममध्ये होणारे रूपांतर मोजून ठरवता येते. मॉमलुहच्या एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मॉन्सून एकाएकी दुबळा झाल्याची स्पष्ट नोंद सापडली. तो दुष्काळ पश्चिम आशियापासून चीनपर्यंत जाणवला होता. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघाने २०१८ मध्ये या घटनेपासून आजपर्यंतच्या काळाला ‘मेघालयन’ हे नाव दिले आणि त्याचा प्रमाणदाखला म्हणून हाच स्तंभ निवडला. पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या भूमीतील दगडाने दुष्काळाची साक्ष द्यावी, यात नवल नाही. जेथे पाऊस भरपूर पडतो तेथेच त्यातील घट अधिक ठळकपणे उमटते.

या गुहांत स्वतंत्र जीवसृष्टी आहे. गारो टेकड्यांतील सिजू गुहेचा अभ्यास स्टॅन्ले केंप आणि बी. चोप्रा यांनी १९२२ मध्ये केला, आणि भारतातील गुहाजीवांचा तो पहिला सांगोपांग अभ्यास होता. जैंतिया टेकड्यांत एका गुहेत २०१९ मध्ये आढळलेला, महाशीर वर्गातील, डोळे क्षीण झालेला आणि रंग उडालेला मासा जगातील गुहामाशांमध्ये सर्वांत मोठा आहे. २०२३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून जैंतिया भागातील पनार लोकांवरून त्याला निओलिसोचिलस पनार हे नाव देणाऱ्या संशोधकांत नीलेश डहाणूकर हे मराठी नाव आहे. जुन्या मुंबई इलाख्याशी जोडणारा याहून जुना धागा एका वटवाघळाचा आहे. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ १९१३ मध्ये आजच्या कर्नाटकातील खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून प्रथम वर्णिले गेले. अनेक दशके ते जगात केवळ तेथेच आहे असे मानले जात होते, आणि नंतर ते मेघालयातील गुहांत आढळले.

कडेवरच्या वनस्पतींना पाण्याची वाण नाही. वाण आहे ती मातीतील नत्राची, कारण पाऊस ते धुऊन नेतो. नेपेंथिस खासियाना ही घटपर्णी भारतात आढळणारी नेपेंथिसची एकमेव जाती असून ती नत्राची ही उणीव कीटकांपासून भरून काढते. तिच्या पानाच्या टोकाशी झाकणासह एक सुरई तयार होते. सुरईच्या काठावरच्या मधुरसाच्या ओढीने आलेला कीटक आतल्या मेणचट भिंतीवरून घसरून तळाच्या पाचक द्रवात पडतो, आणि त्याच्या शरीरातील नत्र वनस्पती शोषून घेते. गारो लोक तिला ‘मेमांग कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी छोटे अभयारण्य राखले आहे. नोक्रेकच्या रानात सिट्रस इंडिका हे रानटी संत्रे आढळते. मृत्यूनंतरच्या विधींत वापरले जाणारे हे फळ लिंबूवर्गीय फळांच्या रानटी आप्तांपैकी एक असल्यामुळे तेथे त्याचे जनुकीय संरक्षण क्षेत्र करण्यात आले आहे. ऑर्किडच्या तीनशेहून अधिक जाती राज्यात आहेत. हूकर यांच्या काळात निळ्या व्हँडा ऑर्किडचे हमालांच्या पाठीवरून भारेच्या भारे इंग्लंडला गेले आणि त्यांतील फार थोडी रोपे जिवंत पोहोचली. विज्ञानाच्या नावाने झालेली ती लूटच होती, असे आज म्हणणे भाग आहे.

प्राण्यांच्या दृष्टीने गारो टेकड्यांचे महत्त्व सर्वाधिक आहे. भारतातील एकमेव वानर, म्हणजे शेपूट नसलेला माणसाचा जवळचा आप्त, हुलॉक गिबन हा येथे राहतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, हातांनी झोके घेत फांद्याफांद्यांतून जातो, आणि नर-मादी पहाटे मिळून मोठ्याने साद घालतात. झाडांच्या माथ्यांची सलगता तुटली की त्याचे कुटुंब एका तुकड्यात अडकून पडते. गारो टेकड्यांत फिरती शेती, म्हणजे रान तोडून, जाळून वर्ष-दोन वर्षे पीक घेऊन पुढे सरकण्याची झूम पद्धत आहे. जमीन पडीक ठेवण्याचा काळ पूर्वी दीर्घ असे, तो आता काही वर्षांवर आल्यामुळे रान पुन्हा भरून येण्यास वेळ मिळत नाही. हत्तींचीही अडचण हीच आहे. २०१७ च्या गणनेत मेघालयात सतराशेहून अधिक हत्ती आढळले, आणि त्यांतील बहुतेक बालपक्रम आणि नोक्रेक या राष्ट्रीय उद्यानांच्या दरम्यान ये-जा करतात. सिजू-रेवाक हा त्यांचा अरुंद मार्ग टिकला, तो गावांनी आपल्या मालकीची जमीन राखून ठेवल्यामुळे.

गावांनी जमीन राखली, या विधानामागे कायद्याची एक विशेष स्थिती आहे. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीनुसार येथे स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, आणि बहुतांश जंगल सरकारच्या ताब्यात नसून कुळे, गावे आणि व्यक्ती यांच्या मालकीचे आहे. खासी टेकड्यांतील ‘लॉ किंतांग’, म्हणजे पवित्र वने, महाराष्ट्रातील देवरायांसारखीच आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यात दिसलेला नियम, की तेथून पानही उचलायचे नाही, तो शिलाँगजवळच्या मॉफ्लांगच्या सुमारे ७५ हेक्टरांच्या रानातही पाळला जातो. सामूहिक मालकीचे गोडवे गाताना एक सावधगिरी बाळगायला हवी: मालकी कुळाकडून व्यक्तीकडे गेली की तेच रान विकता किंवा खणताही येते. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत मेघालयाचे वनाच्छादन ७६ टक्क्यांच्या आसपास दिसते, परंतु त्या मोजणीत सुपारीच्या बागा आणि लावलेली राईही धरली जाते.

दक्षिण उतारावर राहणाऱ्या वार खासी लोकांनी पाण्याशी जुळवून घेण्याची स्वतःची रीत घडवली आहे. उतार शेतीला फार तीव्र असल्याने सुपारी, विड्याची पाने, तमालपत्र, संत्री आणि फुलझाडूचे गवत ही त्यांची पिके आहेत, आणि ती बाजारापर्यंत नेण्यासाठी ओढे ओलांडावे लागतात. पावसाळ्यात ओढ्याला येणारा लोंढा बांबूचा पूल वाहून नेतो आणि दमट हवेत लाकूड काही वर्षांत कुजते. म्हणून वडाच्या कुळातील फायकस इलॅस्टिका या रबराच्या झाडाच्या पारंब्या पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडांतून पलीकडच्या काठापर्यंत नेऊन तेथे रुजवतात. पंधरा किंवा त्याहून अधिक वर्षांनी त्यावरून माणसे जाऊ लागतात, आणि त्यानंतर पूल दर वर्षी मजबूत होत जातो. ‘जिंगकिएंग ज्री’ या नावाच्या अशा पुलांपैकी नोंग्रियाटचा दुमजली पूल सर्वांत प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. शेतात वाकून काम करताना पाठ झाकणारे ‘क्नुप’ हे बांबू आणि पानांचे आच्छादन कोकणातील इरल्याशी इतके मिळतेजुळते आहे की दोन्ही एकाच गरजेतून स्वतंत्रपणे जन्मली असावीत, हे उघड आहे.

याच कडेच्या थरांत दडलेल्या कोळशाने गेल्या काही दशकांत मोठी हानी केली आहे. जैंतिया टेकड्यांतील कोळशाचे थर बहुधा मीटरभरही जाड नसतात, म्हणून खोल विहीर खणून तळापासून माणूस रांगत जाईल एवढी बिळे पाडली जात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये या ‘रॅट-होल’ खाणींवर बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथील खाणीत पुराचे पाणी शिरून पंधरा मजूर अडकले. या कोळशात गंधकाचे प्रमाण जास्त आहे. उघड्या पडलेल्या थरांतील गंधकयुक्त खनिजांचा हवा-पाण्याशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते, ते लोह आणि इतर धातू विरघळवत ओढ्यांत उतरते, आणि पाण्यातील मासे नाहीसे होतात. दक्षिणेकडे बांगलादेशात उतरणारी लुखा नदी काही वर्षे दर हिवाळ्यात गडद निळी होत आली आहे, कारण पावसाळा सरल्यावर हे द्रावण विरळ करणारे पाणी तिच्यात उरत नाही. चुनखडक आम्लाला निष्प्रभ करतो, त्यामुळे खाणींचे पाणी चुनखडीच्या चरांतून सोडणे हा परवडणारा उपाय आहे आणि त्यासाठी लागणारा दगड जवळच आहे. परंतु उघड्या पडलेल्या विहिरी बुजवल्याखेरीज आम्लाचा मूळ स्रोत बंद होणार नाही, आणि ज्या चुनखडकात हे पाणी मुरते, त्याच चुनखडकात पनार माशाच्या आणि वटवाघळांच्या गुहा आहेत.